शक्तीचं औषध

"उन्हात बघा," म्हणत अक्का गिऱ्हाईक बाईच्या साडीचा पदर धरायच्या आणि तिला दुकानाच्या पायरीवर घेऊन यायच्या. साडी अंगावरच असल्यामुळे बाईला मुकाट्याने पदरामागे जावंच लागायचं. मग एका हातात पदर, दुसऱ्या हातात ब्लाऊज पीस, मान तिरकी, डोळे बारीक. "ट्यूबखाली रंग खोटं बोलतंय. आता बघा. हाय का ह्यो मोरपंखी? न्हाय. ह्यो रामा हाय."

धाराशिवच्या बाजारपेठेत अक्कांचं मॅचिंग सेंटर होतं. असं दुकान तुमच्याही गावात असेल. भिंतभर रंगांच्या घड्या, खाली अस्तराचे तागे, काउंटरवर फॉलची बंडलं, आणि लग्नसराईत आत पाय ठेवायला जागा नाही. अशा दुकानात सहसा हातात येईल तो पीस गळ्यात मारतात. अक्का मारत नसत. रंग जुळला नाही की घडी परत ठेवायच्या. "माझ्याकडं न्हाय हा. उगं घेऊ नका. कार्यात फोटू निघतात, जन्मभर दिसत ऱ्हातंय."

माझा दवाखाना तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मी फिजिशियन. साड्यांचं मला फारसं कळत नाही, आणि हे अक्कांच्या पहिल्याच भेटीत लक्षात आलं होतं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारलं होतं, "डाक्टर असून असलं ब्लाऊज घालायलाव?" त्या दिवसापासून माझ्या ब्लाऊजांची जबाबदारी त्यांच्याकडे गेली.

बाई ठेंगणी, केस पांढरे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. कुणीही आलं की नमस्काराऐवजी "शरणार्थी" म्हणून हात जोडायच्या. आणि तोंडात कायम लवंग. बोलायला लागल्या की लवंगेचा वास यायचा. समोरच्यालाही द्यायच्या. माझ्या पर्समध्ये तेव्हा सुट्या पैशांपेक्षा लवंगा जास्त असायच्या.

गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. समोर एक टेलर होता, हाताला चांगला, पण संध्याकाळी हाताला काय व्हायचं ते सांगायला नको. अक्का पायरीवरून ओरडून त्याला सांगायच्या, "तोंड धुवून ये, मग बायांची मापं घे." तो निमूट जायचा. शेवटी एक दिवस त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन त्या स्वतःच माझ्या दवाखान्यात आल्या. टेलरला खुर्चीत बसवलं, बायकोला त्याच्या शेजारी, आणि आपण स्टूल ओढून दाराशी बसल्या. जणू तो पळून जाणार होता.

अशा रुग्णाला विचारायचे माझे प्रश्न ठरलेले आहेत. शेवटची कधी घेतली, रोज किती घेता, आधी कधी बंद केली होती का, तेव्हा झटका आला होता का, कावीळ झाली होती का, घरात गोळ्या सांभाळून देणारं कुणी आहे का. लोकांना वाटतं दारू सोडायची एक गोळी असते आणि डॉक्टर ती देतात. तसं नसतं. या उत्तरांवर औषध ठरतं. टेलर तरुण होता, त्याचं रक्त तपासलं तर लिव्हर ठीक होतं, बायको खमकी होती. त्याला मी क्लोरडायझेपॉक्साइड दिलं. हे औषध अंगात रेंगाळतं, सावकाश उतरतं. त्यामुळे दारू एकदम थांबल्याचा धक्का शरीराला बसत नाही. रोज थोडं थोडं कमी करत ते बंद करायचं. गोळ्या बायकोकडे ठेवायला सांगितल्या, कारण या गोळीवर कुणी दारू प्यायला तर श्वास मंदावू शकतो.

टेलर आणि त्याची बायको बाहेर गेले तरी अक्का स्टुलावरच होत्या.

"बाई, म्हातारं माणूस असलं तर हीच गोळी चालतीया का?"

"नाही अक्का. म्हातारपणी लिव्हर थकलेलं असतं. ही गोळी मग बाहेर पडत नाही, साचत जाते. माणूस गुंगीतच राहतं. त्यांना लवकर उतरणारी दुसरी द्यावी लागते. तीही थोडी थोडी, बघत बघत."

"आन् औषध न घेता एकाएकी सोडली तर?"

"हात कापतात, दरदरून घाम येतो. कुणाला भास होतात, कुणाला झटके येतात. जीवही जातो."

त्यांनी मान हलवली. "लवंग घ्या," म्हणाल्या आणि उठल्या.

गल्लीतल्या माणसाची किती काळजी, असं मला वाटलं. टेलर खरंच सुधारला. लोक अक्कांना म्हणायचे, तुम्ही त्याचं घर वाचवलं. अशा वेळी त्या काहीतरी घडी घालायला घ्यायच्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, लग्नाची गर्दी असताना, अक्का दुकानाच्या त्याच पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना हाडांच्या डॉक्टरांच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या आधी तब्येत तपासायला तिथे मला बोलावतात, तसं बोलावलं.

पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये ठेवलेला, चेहरा उतरलेला, तरी मला बघून त्यांनी हात जोडले. त्यांचा मुलगा सिद्धू उशाशी उभा होता. सिद्धू म्हणजे अत्यंत सरळ माणूस. दुकानाचा हिशेब, सोमवारचा उपास आणि आई, एवढंच त्याचं जग. आईला तो अव्वा म्हणायचा. त्यांच्या घरात अर्धी भाषा कानडीच होती. अक्कांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं सास्तूर, तिकडून ती आलेली.

"अक्का, बीपीची गोळी चालू आहे. आणखी काही औषध घेता?"

त्यांनी सिद्धूकडे पाहिलं. मग छताकडे.

"न्हाय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. अक्का बेभान झाल्या होत्या. मी गेले तेव्हा त्यांचा झंपर घामाने भिजला होता, नाडी धावत होती, दोन्ही हात थरथरत होते. त्या थरथरत्या हातांनी त्या चादरीवरून धागे वेचत होत्या. चादर पांढरी होती. त्यांना तिच्यावर रंग दिसत होते. एकेक धागा चिमटीत धरून उजेडाकडे न्यायच्या आणि विचारायच्या, "याव बण्णा इदु?" हा कुठला रंग. मग स्वतःच सांगायच्या. डाळिंबी. चिंतामणी. आंबा कलर. एका धाग्यापाशी अडल्या आणि रडायला लागल्या. तो जुळेना.

दारातल्या दोन नर्सना हसू येत होतं. त्यांना दोष देत नाही. तुम्हीही तिथे असता तर पहिल्या क्षणी तुम्हाला हसू आलं असतं.

म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं की असा भ्रम होऊ शकतो. रक्तातलं मीठ कमी होतं, ऑक्सिजन कमी पडतो, जंतूंचा ताप असतो. हे सगळं मी तपासलं. तसं काही निघालं नाही. निघालं ते वेगळंच. लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या, आणि ज्या तऱ्हेने बिघडल्या होत्या ती तऱ्हा मी रोज पाहते. फक्त ती विभूती लावलेल्या म्हाताऱ्या बाईच्या रक्तात पाहिली नव्हती.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, शांत करायचं इंजेक्शन देऊन टाकू का? पाय हलवला तर अवघड होईल."

त्यांच्या मनात होतं ते इंजेक्शन भ्रमावर देतात. पण हा भ्रम दारू थांबल्याचा असेल तर ते एकटं देऊन भागत नाही. माणूस वरून गप्प होतं आणि झटक्याचा धोका उलट वाढतो. दारूचा असेल तर वेगळं औषध, नसेल तर ते औषधच म्हाताऱ्या माणसाचा भ्रम वाढवतं. म्हणजे आधी खरं कळायला हवं होतं. मी सिद्धूला बाजूला घेतलं.

"सिद्धू, अक्का कधी काही घेतात का? दारूसारखं?"

त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

"बाई, तुमी डाक्टर हाव म्हणून ऐकून घेतलं. आमची अव्वा लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाय."

त्याची बायको महादेवी मागेच उभी होती. मी पाणी प्यायला गेले तेव्हा ती माझ्यामागे आली. फिल्टरचा नळ चालू ठेवून, त्या आवाजाच्या आडोशाने बोलली.

"अव्वा औषध पितात."

"कुठलं?"

"शक्तीचं. पातळ असतंय. द्राक्षाचं."

तुम्ही ते पाहिलं असेल. अशक्तपणावर, भूक लागायला घेतात. द्राक्ष, गूळ आणि वनस्पती आंबवून करतात. आंबवल्यामुळे त्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. जेवणानंतर झाकणभर घेतलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

"किती पितात?"

"सकाळी उठल्यापासनं. एक बाटली दुपारपत्तुर संपती. मग दुसरी. सणाच्या गर्दीत तिसरी."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लगीन होऊन आले तवापासनं. रिकाम्या बाटल्या अस्तराच्या ताग्यामागं असायच्या. झाडताना म्या उचलायची. त्यांनी कधी सांगितलं न्हाय, म्या कधी इचारलं न्हाय. ह्यांला तर ठावंच न्हाय." तिने नळ बंद केला, पुन्हा चालू केला. "बाई, म्या आता सांगितलं, म्हंजे अव्वाची अब्रू घालवली का वो?"

मी म्हटलं, तुम्ही त्यांचा जीव वाचवला. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

आता औषध ठरवता येत होतं. टेलरला दिलेलं इथे चालणार नव्हतं. थकलेल्या लिव्हरला लोराझेपाम बरं पडतं. ते साचत नाही. थोडं द्यायचं, शेजारी बसायचं, नाडी, घाम, हात पाहायचे, गुंगी किती आहे बघायची, मग पुन्हा थोडं. आणि त्याआधी शिरेतून बी-वन जीवनसत्त्व, थायमिन. अशा माणसाच्या अंगात ते उरलेलंच नसतं, आणि त्याशिवाय साखरेचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. थायमिन आणि एक साधं डायझेपाम एवढं त्या छोट्या दवाखान्यात होतं. डायझेपामही अशा लिव्हरमध्ये साचतं, म्हणून लोराझेपामची इंजेक्शनं बाहेरून आणायची होती.

मी सिद्धूला सगळं सांगितलं. तो बायकोकडे बघत राहिला. ती जमिनीकडे. मग त्याने विचारलं, "मग तेच औषध थोडं पाजलं तर? सवयीचं हाय म्हंता ना?"

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. बरेच लोक विचारतात. मी सांगितलं की गुंगीत ते छातीत जाईल, त्याचं माप आपल्या हातात राहणार नाही, आणि ऑपरेशन समोर आहे. त्याने मान हलवली आणि चिठ्ठी घेतली.

औषधाचं दुकान दवाखान्याला लागूनच होतं. पाच पावलांवर. आम्ही वाट बघत होतो. थायमिन गेलं. अक्का धागे वेचत होत्या, त्यांचे ओठ कोरडे पडले होते. सिद्धू येईना. फोन लागेना. मी नर्सला शेजारच्या दुकानात पाठवलं. ती येऊन म्हणाली, तिथे तो गेलाच नाही.

मी डायझेपामचं इंजेक्शन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात अक्कांना झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. मोडलेला खुबाही. दोघींनी पाय धरला, एकीने ऑक्सिजन लावला, मी ते इंजेक्शन शिरेतून सावकाश दिलं. सावकाशच द्यावं लागतं. त्या वेळी हात घाई करायला बघतो आणि त्याला आवरावं लागतं. झटका थांबला. श्वास चालू होता. अंथरूण ओलं झालं होतं. महादेवीने कुणालाही हात लावू दिला नाही, सगळं एकटीनेच बदललं.

त्यानंतर सिद्धू आला. शर्ट घामाने चिकटलेला, हातात औषधाची पुडी.

शेजारचा औषधवाला त्यांच्याच समाजातला होता. चिठ्ठी वाचून त्याने ओळखलं असतं, असं सिद्धूला वाटलं. बाजारातली दोन दुकानं त्याने त्याच भीतीने सोडली आणि रिक्षा करून तो पार रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला गेला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

त्याने आईकडे पाहिलं, बदललेल्या चादरीकडे पाहिलं. "उशीर झाला का, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

महादेवीने माझ्याकडे पाहिलं आणि ती बाहेर गेली.

लोराझेपाम थोडं थोडं देत, प्रत्येक वेळी आधी त्यांचे हात आणि डोळे पाहून, आम्ही त्यांना त्यातून काढलं. कधी वाटायचं जास्त झालं, इतक्या गाढ झोपायच्या. कधी वाटायचं कमी पडलं. पुस्तकात एक आकडा असतो, पण समोरच्या बाईचा आकडा तिच्याकडे बघूनच काढावा लागतो. हळूहळू चादरीवरचे रंग गेले. मग ऑपरेशन झालं, तेही नीट.

शुद्धीवर आल्या तेव्हा सकाळ होती. खोलीत मी एकटीच होते.

"म्या काय बडबडले का?"

"रंग सांगत होता. डाळिंबी, चिंतामणी."

"आणखी?"

"बाकी काही नाही."

त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं आता स्थिर होती.

"सिद्धूला कळालं."

मी हो म्हटलं. त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीशीच बोलत राहिल्या. मालक, सिद्धूचे वडील, गेले तेव्हा अशक्तपणा आला होता, वैद्यांनी बाटली दिली. झाकणभर. मग झोप येईना म्हणून दोन झाकणं. "झाकणानं मापत व्हते तवर औषध व्हतं, बाई. एक दिस बाटली तोंडाला लावली. तवाच कळालं मला."

"तेव्हा यायचं होतं माझ्याकडे."

"काय म्हणून येऊ? टेलरला वरडत व्हते की म्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. त्या गेल्या आहेत, आणि ज्यांना लपवावंसं वाटतं अशांपैकी कुणीतरी हे वाचेल, म्हणून लिहिते.

सकाळी लिंगपूजेला बसलं की डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं असतं. त्यांचा हात इतका कापायचा की लिंग तळहातावर ठरत नसे. एकदा ते खाली पडलं. तेव्हापासून पूजेला बसण्याआधी त्या बाटली घ्यायला लागल्या. हात ठरावा म्हणून.

"म्हंजे देवाच्या आदी," त्या म्हणाल्या. "सिद्धू सगळ्यांला सांगतोय, आमची अव्वा पूजेबिगर पाणी पीत न्हाय. म्या ऐकत बसायची."

"अक्का, दाखल झालात त्या दिवशी मी विचारलं होतं. एकाएकी बंद झालं तर काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"मग?"

त्यांनी मला सांगितलं, जणू मी काहीतरी अगदी साधं विसरले होते. "सिद्धू व्हता की तितं."

घरी गेल्यावर पुन्हा त्याकडे वळू नये म्हणून काही गोळ्या असतात. त्यांचाही मी विचार केला. एक गोळी अशी असते की तिच्यावर दारू घेतली तर शरीर सहन करत नाही. त्या वयात आणि त्या लिव्हरला ती देणं मला धोक्याचं वाटलं. दुसरी मनाची ओढ कमी करते, तीही लिव्हर बघून द्यायची. मी त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला गोळीची गरज न्हाय लागायची." रुग्ण असं म्हणाला की डॉक्टरने विश्वास ठेवू नये, असं आम्हाला शिकवतात. मी ठेवला. बी-वनच्या गोळ्या तेवढ्या चालू केल्या.

त्या पुन्हा कधीच प्यायल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण बाटलीतलं कुठलंच औषध त्यांना चालेना. पोट जळजळायचं तर अँटासिड नको म्हणाल्या. खोकला झाला तर, "पातळ नको. गोळी असली तर द्या." डोळ्यात घालायचे थेंब दिले तर महादेवीकडून आधी वास घ्यायला लावला. महादेवी मला हे सांगताना हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

दुकानात त्या परत बसल्या नाहीत. खुब्याला पायऱ्या झेपत नाहीत, असं कारण सांगितलं. मग सास्तूरला भावाकडे राहायला जाते म्हणाल्या. सिद्धूने किती विनवलं. त्याने त्यांना एका शब्दानेही कधी दुखवलं नव्हतं, उलट आता तो जास्तच जपून बोलायचा. मला वाटतं त्यांना तेच सोसवेना. काउंटरमागे बसून पूर्वी आईला मोठमोठ्याने हाका मारणारा मुलगा आता तिला "काय हवं का?" असं हळू विचारायचा.

वॉकर, ट्रंक आणि पूजेची डबी घेऊन त्या गेल्या. गोळ्या न्यायला दर महिन्याला महादेवी यायची. "अव्वा कशा आहेत?" विचारलं की म्हणायची, "बऱ्या हाईत. लई बोलत न्हाईत." तपासायला मात्र त्या स्वतः एकदाही आल्या नाहीत. धाराशिवला यायचं म्हटलं की त्यांचं अंग दुखायचं.

वर्षभराने थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्या अंथरुणात पडल्या पडल्या गेल्या. मला सिद्धूचा फोन आला तेव्हा माती झाली होती. दोन दिवसांनी मी सास्तूरला गेले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं, आता प्रत्येकाने आपापल्या परीने वाढवलेली. अक्कांच्या भावाच्या घरापुढे मोठं अंगण आणि पत्र्याची शेड होती. शेडमध्ये बायका बसल्या होत्या. मी डॉक्टर आहे कळल्यावर मला खुर्ची दिली, चहा आला. अक्कांची भावजय माझ्याजवळ सरकली. सत्तरीची असेल. बोलकी बाई.

"लई गुणाचं माणूस, पर आमच्यात मिसळल्याच न्हाईत बगा. आमी सगळ्या रोज दुपारी हितं बसताव. शेंगा फोडताव, बोलताव. त्या तितं बसायच्या." तिने अंगणाच्या पार टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी असलेल्या सिमेंटच्या ओट्याकडे बोट केलं. शेजारी पाण्याची टाकी होती आणि शेळी बांधायचा खुंटा. "च्या तितंच न्यावा लागायचा. कितीदा हाका मारल्या, या की हिकडं. येत न्हवत्या."

"का?"

"वास येतोय म्हणायच्या."

"कशाचा?"

"तेच तर इचारती म्या तुमाला. माझ्या तोंडाचा वास येतोय, तुमाला तरास व्हईल म्हणायच्या. आमाला तर कदीच आला न्हाय. तुमी डाक्टर हाव, तुमाला ठावं असंल. कशाचा वास व्हता वो, बाई?"

तेव्हा मला कळलं की या गावात कुणालाच काही माहीत नव्हतं. सिद्धूने सांगितलं नव्हतं, महादेवीने सांगितलं नव्हतं. तिथे त्यांना कुणी हसणारं नव्हतं, कुणी कुजबुजणारं नव्हतं.

"कसलाच नव्हता," मी म्हटलं.

भावजयीने मान हलवली. तिचं समाधान झालेलं नव्हतं.

निघताना मी त्या ओट्यापाशी गेले. चप्पल नीट करायचं निमित्त करून तिथे बसले. ओटा थंड होता. शेडमधल्या बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या, त्यांचे हात हलत होते, एक जण काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या माना डोलवत होत्या. मी लक्ष देऊन ऐकायचा प्रयत्न केला. तिथून काही ऐकू येत नव्हतं.